चिमटीचें पीक

संसारांत कांहीं जिन्नस असे असतात कीं, त्यांची गरज चिमटीएवढी असते, पण त्यांवांचून ताट पुरें होत नाहीं. गहूं, तांदूळ, डाळी वर्षाच्या भरून ठेवतां येतात. तेल, मीठ, गूळ महिन्याच्या महिन्यास आणतां येतो. परंतु वरणावर पेरावयाची कोथिंबीर, फोडणींत टाकावयाचीं गोडलिंबाचीं आठ पानें, चहांत ठेचून घालावयाचें पेराएवढें आलें आणि ताकांतला पुदिना यांचा सांठा करतां येत नाहीं. हे जिन्नस रोज हवे असतात, थोडेच हवे असतात आणि ताजेच हवे असतात. या तिन्ही अटी एकत्र आल्या म्हणजे बाजाराचा आणि घराचा मेळ बसत नाहीं. बाजार जुडीनें विकतो, घरास लागतें चिमटीनें. उरलेली जुडी ओल्या फडक्यांत गुंडाळा, डब्यांत घाला, फ्रीजमध्यें ठेवा. पांच-सात दिवसांत ती पिवळी पडते आणि केरांत जाते. ही नासाडी प्रत्येक घरांत इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिला कोणी नासाडी म्हणतच नाहीं.

हें चिमटीपुरतें पीक घरच्या घरीं कसें घ्यावें, कोणतें घ्यावें आणि कोणतें घेऊं नये, याविषयीं आमच्या अनुभवास आलेल्या चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें बिऱ्हाड दरेकशास आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांतील हें गांव हावडा-मुंबई लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या काठावर आहे. आमच्यापुढचें स्टेशन बोरतलाव, तें छत्तीसगडांत. मध्यें डोंगर पोखरून काढलेला बोगदा. जवळच हाजरा धबधबा आणि रानांत कचारगडच्या गुहा, जेथें माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण जमीन, पाऊस आणि धानाची शेती तीच राहिली. चार महिने पाऊस झोडपतो, हिंवाळ्यांत पहाटे हात गारठतात आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा ठिकाणीं कोंवळ्या पानांची भाजी आठवडी बाजारांत कधीं येते, कधीं येत नाहीं. श्रावणांत झड लागली म्हणजे जुडी आंतून सडलेली निघते. ज्येष्ठांत ती टोपलींतच मान टाकते. आमच्याकडे कोथिंबिरीस 'सांबार' म्हणतात. पुण्याकडून आलेल्या पाहुण्यास “थोडा सांबार आणा” असें सांगितलें कीं, तो डाळीचें पातेलें शोधूं लागतो! पण भर पावसाळ्यांत खरा सांबार शोधणें त्याहून कठीण असतें.

नांवें जुनीं, हात नवे

संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. म्हणून प्रथम शब्दांकडे वळतों. कोथिंबीर हा शब्द संस्कृतांतील कुस्तुंबुरूचा वंशज. या शब्दाची सिद्धि खुद्द पाणिनीनें अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायांत सांगितली आहे; वनस्पतीची जाति अभिप्रेत असेल तरच त्यांत मध्यें सकार येतो, एरवीं नाहीं. व्याकरणाचा एवढा मोठा आचार्य धन्याच्या झाडासाठीं एक स्वतंत्र सूत्र खर्च करतो, यावरून तें झाड त्या काळीं किती घरोब्याचें असेल याची कल्पना यावी. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत आलें, हळद, ओवा, मेथी आणि धने हे सारे हरीतक्यादि वर्गांत एका पंक्तीस बसले आहेत. म्हणजे सैंपाकघर आणि औषधाचा डबा यांत तेव्हां भिंत नव्हती. उलट जिच्यावांचून आज आपलें पान हलत नाहीं ती मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर अमेरिकेंतून आली. ती आतां इतकी आपली झाली आहे कीं, नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरच्या मिरचीस आणि वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

पण नांवें पाठ असणें निराळें आणि झाड जगविणें निराळें. दरेकसा आणि आसपासच्या पाड्यांतून हिंडतांना आम्हीं एक गोष्ट वारंवार पाहिली. ज्या गोंड घरांत पुस्तकांचें कपाट नाहीं, त्या घरामागच्या वाडींत कुंपणावर वेल, कोपऱ्यांत मिरचीचीं रोपें, मोरीच्या पाण्यावर आळू आणि हळद असते. आणि ज्या घरांत ग्रंथांनीं कपाटें भरलेलीं आहेत, त्या घरांतील माणूस सांबारासाठीं गाडीनें गोंदियास जाणाऱ्या शेजाऱ्याची वाट पाहत बसतो. आमच्या पणज्यांच्या परसांत हें सारें होतें. परस गेलें, वाडे गेले, बदलीच्या नोकऱ्या आणि शहरांतील सदनिका आल्या. जागेबरोबर हातही गेला. जागा परत येणार नाहीं, हें आम्हांस कळतें. हात मात्र परत मिळवितां येतो, आणि त्यास ओंजळभर माती पुरते.

आधीं हिशेब, मग हौस

घरची बाग म्हटली कीं, मंडळी सर्वांत आधीं कोथिंबीर पेरतात आणि दोन महिन्यांनीं “कांहीं खरें नाहीं” असें म्हणून कुंड्या माळ्यावर टाकतात. दोष कोथिंबिरीचा नसतो, हिशेबाचा असतो. बारा इंची कुंडींत दाट पेरलेली कोथिंबीर तयार व्हावयास सुमारें चाळीस दिवस घेते आणि एका कापणीस साधारण एक जुडी देते. बारा माणसांच्या एकत्र कुटुंबास रोज एक जुडी लागते असें धरलें, तर ती कुंड्यांतून मिळविण्यासाठीं चाळीस कुंड्या पाहिजेत, आणि त्यांपैकीं एक रोज नव्यानें पेरावयास हवी. हा उद्योग कोणत्याही घरास झेपणारा नाहीं. मसालेभातास किंवा वडीस लागणारी कोथिंबीर बाजारांतूनच आणावी, आणि त्यांत कमीपणा मानूं नये.

कुंडीचें खरें सामर्थ्य दुसरीकडे आहे. जें झाड एकदां लावलें म्हणजे वर्षानुवर्षें थोडें थोडें देत राहतें, तें कुंडींत लावावें. गोडलिंब, पुदिना, गवती चहा, पानांचा ओवा आणि तुळस हीं पांच झाडें प्रत्येक घरांत असावीं असें आमचें स्पष्ट मत आहे. यांच्या जोडीस वर्षाकांठीं एकदां लावावयाचीं आलें आणि हळद, दोन-तीन झाडें मिरची, आणि लसणाची पात. कोथिंबीर, मेथी व शेपू यांस पाहुण्यांचा मान द्यावा. थंडीच्या चार महिन्यांत बोलवावें, एरवीं आग्रह करूं नये. कोणतेंही नवें झाड आणण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: हें रोज लागतें काय, थोडें लागतें काय, आणि ताजेंच लागतें काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी आलीं तरच कुंडी गुंतवावी.

माती आणि भांडें

आमच्या भागांतील शेतकरी जमिनीची कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी प्रतवारी करतात. कन्हार म्हणजे भारी, काळी, चिकण माती. ती शेतांत सोनें. पण तीच एकटी कुंडींत भरली तर उन्हाळ्यांत विटेसारखी आवळते, कुंडीच्या कडांपासून सुटते आणि घातलेलें पाणी फटींतून थेट खालीं जातें. वरून ओल दिसते, मुळ्या मात्र कोरड्याच राहतात. उलट बरडीची मुरमाड माती पाणी धरूनच ठेवीत नाहीं. म्हणून एक भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा पानांचें खत, आणि एक भाग वाळू असें मिश्रण करावें. गोंदिया हें भातगिरण्यांचें शहर असल्यामुळें धानाचें तूस येथें मुबलक मिळतें. वाळूच्या ऐवजीं तें कुजवून किंवा काळें होईपर्यंत भाजून घातलें तर कुंडी हलकी राहते. कच्चें तूस मात्र घालूं नये, कारण तें कुजतांना मातींतील नत्र स्वतःच खातें आणि रोप पिवळें पडतें. शहरांत जेथें माती मिळणेंच दुरापास्त आहे, तेथें नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास कोकोपीट म्हणतात, तो चालतो. परंतु त्यांत कस नसतो, म्हणून खताचें प्रमाण वाढवावें लागतें.

माती सकस करण्याची एक युक्ति वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत सांगितली आहे: जमिनींत आधीं तीळ पेरावे आणि ते फुलावर आले कीं तेथेंच चिरडून टाकावे. आज यासच हिरवळीचें खत म्हणतात. कुंडींत तीळ नको असतील तर मेथी पेरावी; वरची पानें भाजीस घ्यावीं आणि बुडखे मातींत गाडावे. मेथी शेंगावर्गांतील असल्यानें तिच्या मुळ्यांवरील गांठी हवेंतील नत्र धरून ठेवतात.

भांडें कोणतें, यावर फार खल करूं नये. मातीची कुंडी श्वास घेते, पण लवकर सुकते. प्लॅस्टिकची ओल धरते, पण उन्हांत तापते. फुटका माठ, जुनी बादली, तेलाचा डबा, कांहींही चालेल. तळास दोन-तीन भोकें हवीं एवढेंच. एका बाबतींत मात्र आम्ही कठोर आहों. कीटकनाशकाचा रिकामा डबा, रंगाचा डबा किंवा रसायनाचा ड्रम, कितीही धुतला तरी, खाण्याच्या झाडासाठीं वापरूं नये. शेतीच्या गांवीं असे डबे घरोघर पडलेले असतात, ते भक्कम असतात आणि फुकट असतात. म्हणूनच त्यांचा मोह होतो. त्या डब्यांतील विष पानांतून मुलाच्या पोटांत जाणार, हें ध्यानांत ठेवावें.

झाडागणिक थोडेंसें

धन्याचा जो दाणा आपण पेरतों तें वस्तुतः फळ आहे आणि त्यांत दोन बिया असतात. म्हणून धने लाटण्यानें हलके रगडून दोन दळें करावीं, रात्रभर भिजवावीं आणि अर्धा इंच मातीखालीं पेरावीं. आठ-दहा दिवस कांहींच दिसत नाहीं. त्या काळांत मुलें माती उकरून पाहतात, तेवढें मात्र थांबवावें. मार्गशीर्ष-पौषांत ही कोथिंबीर दृष्ट लागण्यासारखी होते. उन्हें तापूं लागलीं कीं, ती पान सोडून फुलाच्या मागें लागते. पाणी घालून किंवा सावलींत ठेवून फार तर आठवडाभर तिला थोपवितां येतें.

पुदिना विकत आणलेल्या जुडींतूनच करावा. चार जाड काड्यांचीं खालचीं पानें काढून त्या पाण्यांत ठेवाव्या. आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. पुदिना जमिनीखालून धांवत सुटतो, म्हणून त्यास शेजार देऊं नये. पसरट भांडें एकट्याचें असावें. पानओव्याची फांदी मोडून खोंवली तरी लागते, त्यास पाणी कमीच घालावें. गवती चहाचा एक गड्डा शेजाऱ्याकडून आणावा, पातीं वितभर राखून छाटावीं आणि दरवर्षीं पावसाच्या आरंभीं गड्डा फोडून अर्धा दुसऱ्यास द्यावा. असें केल्यानें झाडही जोमानें फुटतें आणि शेजारही टिकतो.

गोडलिंब मध्य भारतांतील रानांत आपोआप वाढणारें झाड आहे. तरी घरीं तें रुसतें, कारण आपण घाई करतों. त्याचें बीं वाळलें कीं उगवत नाहीं. काळें पिकलेलें फळ मिळतांच गर धुऊन त्याच दिवशीं पेरावें, किंवा मोठ्या झाडाच्या बुडाशीं फुटलेला मुळ्यांसकट धुमारा काढून लावावा. पहिलें वर्षभर पान तोडूं नये. पुढें पानें ओरबाडण्याऐवजीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. फुलें आलीं तर काढून टाकावीं. आंबट ताक पाण्यांत पुष्कळ पातळ करून महिन्यांतून एकदां घालण्याची चाल जुनी आहे.

आलें आणि हळद मृगाच्या सुमारास लावावीं. डोळा फुटलेला दोन-तीन तोळ्यांचा तुकडा दोन इंच खोल ठेवावा, वर धानाचें तणस पसरावें. आठ-नऊ महिन्यांनीं पानें पिवळीं पडून लवलीं म्हणजे काढणी. आल्याच्या कुंडींत सहाव्या महिन्यापासून कडेची माती सारून एखादें बोट चोरून घेण्यास हरकत नाहीं. लसणाची पाकळी टोंक वर करून खोंवली कीं, पंधरा दिवसांत पात कापतां येते, आणि तीच पाकळी आणखी दोनदां देते. कोथिंबीर मिळत नाहीं त्या श्रावणांत हीच पात आमच्या वरणाची लाज राखते.

मावा पडला तर औषधाच्या दुकानाकडे धांवूं नये. पाण्याच्या जोराच्या धारेनें बहुतेक मावा पडून जातो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजवावी, गाळून सायंकाळीं फवारावी आणि पुढें पानें स्वच्छ धुऊन वापरावीं. ताजें शेण किंवा त्याचें पाणी कच्च्या खाण्याच्या पानांवर कधींही पडूं देऊं नये. कण्हेर, डिफेनबाकिया असलीं विषारी शोभेचीं झाडें खाण्याच्या झाडांच्या रांगेंत ठेवूं नयेत. “ही कुंडी खाण्याची, ती पाहण्याची” हा भेद चार वर्षांच्या मुलास कळत नाहीं.

पाण्याची बशी

आतां एका गोष्टीकडे सर्वांचें लक्ष विशेष वेधावयाचें आहे, कारण तेथें प्रश्न चवीचा नसून जिवाचा आहे. आमच्या या रानपट्टीस हिंवताप नवा नाहीं, आणि डेंग्यू आतां शहरांबरोबर खेड्यांतही शिरला आहे. सर रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु दाखवून दिले, त्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. तरी आपण डांसांस घरांतच पाळणे बांधून देतों. कुंडीखालीं ठेवलेली पाण्याची बशी हा त्यांतील सर्वांत सोयीचा पाळणा होय. डेंग्यूचा डांस गटारापेक्षां अशा स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. अंड्यापासून डांस उडावयास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक वार नेमून त्या दिवशीं घरांतील प्रत्येक बशी उपडी करावी. पण नुसती उपडी करून भागत नाहीं. हीं अंडीं कडेला चिकटून कोरडींही महिनोन्महिने टिकतात, म्हणून बशी घांसावी. शक्य तेथें बशी नकोच. ती हवीच असेल तर तींत वाळू भरावी, म्हणजे ओल राहते आणि पाणी उघडें राहत नाहीं. ज्या घरास हें करण्याचा आळस असेल, त्या घरानें कुंड्या ठेवूं नयेत. बाजारची सुकलेली जुडी तापापेक्षां केव्हांही बरी.

पाणीही घड्याळ पाहून घालूं नये. बोट दोन पेरें मातींत घालावें. ओल लागली तर पाणी नको. बहुतेक झाडें उन्हानें मरत नाहींत, प्रेमानें मरतात. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी चालतें, साबणाचें चालत नाहीं. आणि पावसाळ्यांत दिवेलागणीनंतर कुंड्यांच्या मागें हात घालूं नये. आमच्याकडे त्या थंड आडोशास विंचू आणि क्वचित् सापही येऊन बसतो. संध्याकाळनंतर पान तोडूं नये, झाडें झोपलेलीं असतात, असें वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या. त्यामागचें कारण कांहींही असो, जंगलाकाठच्या घरास तो नियम हिताचा आहे.

हात कोणाचे?

आमच्या समजुतीप्रमाणें बाग मरते ती पाण्यावांचून नव्हे, तर “हें कोणाचें काम” हें ठरलेलें नसल्यामुळें. बहुतेक घरांत हौस पुरुषांची असते, कुंड्या ते आणतात आणि पंधरा दिवसांनीं त्या कुंड्या सुनांच्या कामांत भर होऊन बसतात. पहांटेपासून रात्रीपर्यंत जिचे हात रिकामे नाहींत, तिच्यावर हा नवा बोजा टाकावयाचा असेल तर आमचा या लेखास आधींच नकार समजावा. पान खुडावयाचा हक्क सैंपाक करणारीचा. पण पाणी, खत, बशा घांसणें हीं कामें घरांतील निवृत्त मंडळींनीं आणि मुलांनींच करावीं.

यासंबंधीं आमच्या घरची एक हकीकत सांगतों. आमच्या वडील वहिनींचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे. चाळीस वर्षें घराचा सैंपाक त्यांच्या हातीं होता. गुडघे गेले, दृष्टि अधू झाली, आणि हळूहळू चुलीचा कारभार सुनांकडे गेला. सुना चांगल्या, वहिनींचें खाणें-पिणें, औषध यांत तिळमात्र उणें नाहीं. तरी त्या दिवसेंदिवस अबोल होत चालल्या होत्या. कारण उघड होतें: घरांतील कोणीही त्यांस कांहीं विचारीत नसे. जमिनीवरच्या कुंड्यांपर्यंत त्यांस वांकतां येईना, म्हणून आम्हीं मागल्या पडवींत अडीच फूट उंचीचा लाकडी बांक करविला आणि कुंड्या त्यावर मांडल्या. समोर त्यांची खुर्ची. डोळ्यांस पान नीट दिसत नाहीं, पण बोटांत चुरडून वासावरून त्या पान ओळखतात, इतकेंच नव्हे, तर पुदिना जून झाला कीं कोंवळा आहे हेंही सांगतात. आतां रोज सकाळीं धाकटी सून येऊन विचारते, “मोठ्या आई, आज गोडलिंब किती खुडूं?” आणि त्या सांगतात, “वरचे दोन शेंडे घे गं, खालचीं पानें राहूं दे.” हा संवाद चार वाक्यांचा; पण त्या चार वाक्यांनीं घरांतील एक माणूस घरांत परत आलें. भाजीच्या खर्चांत किती बचत झाली, हें आम्हीं मोजलेलें नाहीं.

मुलांसाठीं एक वही घातली आहे. कोणतें बीं कोणत्या तिथीस पेरलें, कितव्या दिवशीं उगवलें, केव्हां फूल आलें, हें नातवंडें लिहितात आणि मोठ्या आई सांगतात तीं वाक्यें जशींच्या तशीं उतरून घेतात. अशा बायकांजवळचें ज्ञान आजवर कोणी लिहून ठेविलें नाहीं. त्या गेल्या कीं तें जातें. शाळेंतील मुलांस जें प्रयोगवहींत लिहावयास सांगतात, त्याहून ही वही कमी प्रतीची नाहीं. २०१९ सालीं केंद्र शासनाच्या तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयानें शाळांतून पोषणबागा कराव्या म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांमागें हाच विचार होता. मुलानें पान ताटांत पाहण्यापूर्वीं तें मातींत पाहावें.

बीं राखावें

शेवटचा मुद्दा बियांचा. थंडी संपतांना सगळी कोथिंबीर कापून टाकूं नये. दोन जोमदार झाडें फुलूं द्यावीं. त्यांच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि माव्याचा फडशा पाडणाऱ्या किड्यांच्या माश्याही येतात. दाणे तांबूस झाले कीं, सावलींत वाळवून राखेंत घोळून डब्यांत ठेवावे. असें दरवर्षीं केलें तर आपल्या हवेस, आपल्या मातीस मानवणारें बीं आपल्याच घरांत तयार होतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत कोंभाळणे म्हणून गांव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेची पायरी न चढतां गांवठी भाज्या आणि धान्यें यांचें बियाणें घराघरांतून गोळा केलें, राखलें आणि वांटलें. त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांच्या कार्याचा आरंभ एका घराच्या परसांतूनच झाला, ही गोष्ट शिकलेल्या कुटुंबांनीं विसरूं नये.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांत लोकांनीं हिरवळी खणून भाजी लावली, आणि आपल्याकडेही १९४२-४३ पासून 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. टंचाई सरली तशा त्यांतील पुष्कळशा बागाही सरल्या, कारण त्यांचा पाया टंचाई हा होता. चिमटीच्या पिकाचा पाया निराळा आहे. वरण रोज होतें, फोडणी रोज पडते. ती गरज युद्ध असो वा नसो, संपत नाहीं.

ज्यांस आरंभ करावयाचा असेल त्यांनीं दहा कुंड्या आणूं नयेत. तीन आणाव्या: एक पुदिन्याची, एक गवती चहाची, एक लसणाच्या पातीची. या तिन्हींस बीं लागत नाहीं, कौशल्य लागत नाहीं, आणि महिन्याभराच्या आंत पात व पुदिना ताटांत येतो. तीं तीन महिने टिकलीं तर चौथी कुंडी गोडलिंबाची आणावी. कुंड्या सैंपाकघराच्या दारापासून दहा पावलांच्या आंत असाव्या, कारण फोडणी तडतडत असतांना अकराव्या पावलास कोणी जात नाहीं. बशा घांसण्याचा वार आजच ठरवावा, आणि घरांत कोणी वृद्ध असेल तर पहिली खुर्ची त्यांची मांडावी.